नाल काढली म्हणजे घोडा वाऱ्यावर सोडला असं नाही

दादा, आमच्या म्हाताऱ्या राजाच्या मागच्या दोन पायांची नाल काढली, त्या पोस्टवरची तुमची कॉमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं, की सांधे धरलेल्या म्हाताऱ्या घोड्याची नाल काढणं म्हणजे नालबंदाचे पैसे वाचवायची युक्ती, आणि तुमचे आजोबा नागपूरच्या इतवारीत टांगा हाकायचे तेव्हा बिननालेचा घोडा कधी रस्त्यावर नेला नाही. आजोबा बरोबरच होते ना! खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, दिवसभर डांबरावर टांगा ओढणाऱ्या घोड्याचा त्याहून जास्त झिजतो, नाल नसली तर घोडा तळव्यावर येणार. पण आमचा राजा आता काहीच ओढत नाही, वरातीतून सुटून त्याला जमाना झाला, काटोल रोडकडे वावरात काळ्या मातीवर फिरून राहतो दिवसभर.

आणि पैसे कुठून वाचले बाप्पा? नाल नसली तरी दर ६-७ आठवड्यांनी खूर कापून घासून घ्यावाच लागतो, सुरुवातीला तर त्याहून लवकर, कारण जुन्या खिळ्यांच्या भोकांपाशी कड तुटते. ती कड कानशीनं गोल करून ठेवली नाही तर टवके उडतात.

खरं कारण वेगळंच आहे. त्याचा मागच्या डाव्या पायाचा हॉक, म्हणजे पायाच्या मधला मोठा सांधा, खराब झालाय. नाल ठोकायची म्हणजे नालबंद पाय उचलून मांडीवर घेणार, जुने खिळे उपटणार, नाल बसवून बघणार, मग एकेक खिळा ठोकणार, आणि तेवढा वेळ राजा दुखरा सांधा वाकवून तीन पायांवर उभा. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला त्याची मांडी थरथरायची, मग सगळं वजन नालबंदाच्या पाठीवर टाकायचा, आणि मग पाय हिसकायचा. लोक म्हणायचे खोडील आहे. खोडील नाही हो, दुखून राहिलं होतं त्याला. आता पाय जमिनीपासून वीतभरच उचलतो, थोडं घासलं की खाली ठेवतो, परत उचलतो, कोणाचं काही भांडण नाही. वर हॉकचे खालचे सांधे कधीकधी हळूहळू आपोआप जुळून जातात आणि दुखणं कमी होतं, त्यामुळे मधल्या काळात त्याला उगाच छळायचं कशाला?

पुढच्या पायांची नाल मी काढलेलीच नाही, हे मूळ पोस्टमध्ये होतं, तुम्ही नेमकं तेवढंच गाळून भांडून राहिले. घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, आणि राजाचा तळवा पुढे पातळ आहे, खडीवर लगेच बिचकतो. तिथं नाल ठेवून तिचं टोक गोल करून घेतलंय, म्हणजे पाऊल उचलताना पुढचा भाग लवकर वळतो आणि खालच्या सांध्यावर ताण कमी येतो. एकाच घोड्याचे दोन पाय असे, दोन तसे, यात मला काही विचित्र वाटत नाही.

आपल्याकडची जमीन बिननालेच्या खुराला सोपी नाही, हा तुमचा मुद्दा मात्र पटला. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चिखल होते आणि मे मध्ये भेगाळून दगड. चिखलात खुराच्या तळाची मधली गादी कुजते, काळा वास मारणारा थर येतो (नाल असली तरी येतो, उलट साफ करायला जास्त त्रास). म्हणून नाल काढायची तर पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या पुढेमागे, म्हणजे खुराला कडक उन्हाळ्याआधी थोडे महिने मिळतात. आणि सिमेंट रोडवर न्यायचंच असेल तर रबरी बूट घाला. गुळगुळीत सिमेंटवर लोखंडी नाल घसरते, आणि सांधे धरलेला घोडा एकदा घसरला की नंतर चालायलाच घाबरतो.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. नाल काढल्यावर घोडा लंगडला की लोक लगेच नालेवर खापर फोडतात. म्हाताऱ्या घोड्याला कुशिंग (हार्मोनचा आजार) असू शकतो, उन्हाळ्यातही अंगावरचे लांब केस झडत नाहीत, त्यातून लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराची दुखरी सूज) होतो, आणि तो घोडा नालेसकट पण लंगडणारच. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक कॉलेजात दाखवून घ्या. आणि दुखणं दाबणारं औषध देऊन चालवून बघू नका, चाल छान दिसते आणि काहीच कळत नाही.

बाकी आजोबांच्या वेळच्या नालबंदाच्या घरचं कोणी अजून काम करत असेल तर सांगा दादा. आमचा नालबंद लग्नसराईत सापडत नाही, आणि राजाचे पुढचे पाय पुढच्या महिन्यात आलेत करायला.