नॉरफोकचा युद्धकैदी आणि आपला राग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या सासूबाईंचे वडील इंग्लंडमधल्या नॉरफोकचे, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात असताना सिंगापूरला जपान्यांचे कैदी झाले होते, त्यांच्याबद्दल मी मागच्या आठवड्यात लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं की बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मारणाऱ्यांच्या सैनिकांसाठी मराठी बाईने कशाला अश्रू गाळायचे, घरच्या ऐकीव गोष्टी म्हणजे इतिहास नव्हे, आणि तुमचे पणजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले त्यांच्यावर कोण लिहिणार.

बंगालचं आधी. १९४३ च्या दुष्काळात तीसेक लाख माणसं गेली आणि लंडनच्या सरकारचा त्यात दोष होता, यावर माझा तुमच्याशी वादच नाही. पण तो दोष शेतमजुराच्या वीस वर्षांच्या पोराच्या नावावर मांडायला मी तयार नाही. नॉरफोकचे हे सैनिक टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ पलटणीतले, शेतावर, दुकानात काम करणारे, एकेका गावातून पाच-सहा जण एकत्र भरती झालेले. त्यांची ब्रिटिश १८ वी डिव्हिजन १९४१ च्या ऑक्टोबरात निघाली ती मिडल ईस्टसाठी, वाटेत जपान युद्धात उतरला आणि सगळंच फिरलं. डिव्हिजनचा मोठा भाग डिसेंबरअखेर मुंबईला उतरला, त्यातल्या पलटणी तीनेक आठवडे आपल्या नगरला होत्या (आत्ताचं अहिल्यानगर), म्हणून सासूबाईंना पुणं माहीत नव्हतं तेव्हापासून नगर माहीत आहे. तिथून २९ जानेवारी १९४२ ला सिंगापूर, आणि १५ फेब्रुवारीला शरणागती. सतरा दिवस! वाळवंटाची तयारी करून निघालेली माणसं मलायाच्या दमट हवेत उतरवली आणि सतरा दिवसांत कैदेत गेली, पुढची साडेतीन वर्षं कैदेतच, त्यातली बरीचशी माणसं जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या थायलंड-बर्मा रेल्वेवर. घरी कितीतरी महिने माणूस जिवंत आहे का एवढंही कळलं नाही, मग छापील मजकुराचं एक पोस्टकार्ड, की माझी तब्येत उत्तम आहे.

आता ऐकीव गोष्टींचं. हे मला जास्त लागलं, कारण ऐकीव तरी का राहिलं ते बघा ना. ऑक्टोबर १९४५ पासून हे कैदी बोटींनी साउथॅम्प्टन आणि लिव्हरपूलला पोचायला लागले तोवर विजयाचे बँड वाजून संपले होते, आणि त्यांच्या हातात सरकारी कागद आला की पेपरवाल्यांशी बोलू नका, जे मेले त्यांच्या घरच्यांना त्रास होईल. म्हणजे गप्प बसा असं वरूनच सांगितलेलं, ते पन्नास वर्षं पाळलं गेलं, आणि आता त्या घरातलं जे काही तुकडे-तुकडे बाहेर येतंय त्याला आपण पुरावा नाही म्हणून उडवून लावायचं?

एक उदाहरण देते. सासूबाईंच्या लहानपणीची सगळ्यात पक्की आठवण म्हणजे वडिलांची खाज. कमरेच्या खाली लाल वळ उठायचे, तासाभरात पुढे सरकायचे, दोन दिवसांनी गायब, काही महिन्यांनी परत. गावातला डॉक्टर म्हणायचा नर्व्हस आहे, युद्धाचा परिणाम. सासूबाईंची आई नवऱ्याला ओरडायची की खाजवू नकोस मुलांसमोर. मग १९७० च्या दशकात त्यांना लिव्हरपूलच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या संस्थेत तपासायला बोलावलं आणि निघाला काय तर स्ट्रॉन्जिलॉइडस नावाचा जंत! हा जंत त्याच माणसाच्या शरीरात पुन्हा पुन्हा वाढत राहतो, उपचार केले नाहीत तर मरेपर्यंत. रेल्वेवर चिखलात अनवाणी काम करताना शिरलेला, तीस वर्षं तिथेच. त्या संस्थेने पुढे दोन हजारांहून जास्त माजी कैदी तपासले, त्यात साधारण १२ टक्के लोकांना तो सापडला. तीस वर्षं घरातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. माझ्यासाठी हा इतिहासच आहे, आणि तो घरातूनच मिळाला.

आणि तुम्हाला ज्याचा राग आहे ना, तेही मला पहिल्यांदा याच घरात कळलं. सासूबाईंचे वडील रेल्वेबद्दल जवळजवळ बोलायचेच नाहीत, पण एक गोष्ट मुलीला परत परत सांगायचे, कॉलराच्या पावसाळ्यातल्या तमिळ मजुरांच्या तळाची. मलायाच्या रबराच्या मळ्यांतून नेलेली माणसं, बायकापोरांसकट. आमच्याकडे निदान आमचे आर्मीचे डॉक्टर होते, त्या लोकांना कुणीच नव्हतं, असं ते म्हणायचे. आकडे हेच सांगतात. साठ हजारांवर युद्धकैद्यांपैकी बारा हजारांहून जास्त मेले, आशियाई मजूर मात्र नव्वद हजारांच्या आसपास. कांचनाबुरीला कैद्यांच्या सात हजारांच्या जवळपास थडग्यांवर एकेक नाव कोरलंय, मजुरांना बहुतेक ठिकाणी साधा दगडही नाही. हे मला तरी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं.

भरपाईतही तोच भेद. पन्नासच्या दशकात ब्रिटिश कैद्याला जपानी मालमत्तेतून साधारण ७६ पौंड मिळाले, थेट नोव्हेंबर २००० मध्ये हयात असलेल्यांना आणि विधवांना दहा हजार पौंड जाहीर झाले, आणि त्यातून गुरखा कैद्यांना वगळलं होतं, त्यांना कोर्टात जाऊन भांडावं लागलं. सासूबाईंच्या आईंना ते पैसे मिळाले, त्यांनी घेतले, आणि सासूबाई अजूनही चिडून सांगतात की बाबांना जिवंतपणी का नाही दिले. मला त्यांचा राग आणि तुमचा राग वेगळा वाटत नाही. दोन्ही त्याच सरकारावरचे आहेत, आणि एकावर लिहिलं म्हणून दुसरा कमी होत नाही.

राहिले तुमचे पणजोबा. त्यांच्यावर मी नाही, तुम्ही लिहायला पाहिजे, आणि लवकर. इटलीत मराठा पलटणींनी दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले, यशवंत घाडगे १९४४ ला आणि नामदेव जाधव १९४५ ला, जाधव तर नगर जिल्ह्यातलेच. पण पदक न मिळालेल्या हजारोंचं काय, ते घरोघरीच आहे. घरात पेन्शनचा कागद, पे-बुक, पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर असं काही आहे का बघा, नंबर आणि पलटण कळली की बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहून विचारता येतं. आजी किंवा आत्या हयात असतील तर लढायांबद्दल विचारू नका, ते परत आल्यावर कसे झोपायचे, काय खायचे नाहीत, कशावरून चिडायचे ते विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पलटणीचा नंबर मिळाला की इथेच खाली टाका, ती कुठल्या महिन्यात इटलीत कुठे होती ते शोधायला मी मदत करीन.