लाल त्रिकोणावरचे चार आरोप, आणि राहून गेलेला पाचवा

एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. सार असं: पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या प्रशिक्षण छावण्यांत वायएमसीएसारख्या (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन; लाल त्रिकोण ही तिची खूण) ख्रिस्ती संस्था सेवेच्या नावाखाली घुसल्या. पत्रं लिहायच्या कागद-पाकिटांचं आमिष दाखवून शिपायांना बाटवलं. लोकांनी भेट दिलेल्या सिगारेटी त्यांनाच विकून गल्ला भरला. आणि आपल्या हिंदी शिपायांवरही तोच प्रयोग केला. आधीच सांगतो, मी ख्रिस्ती नाही आणि वायएमसीएशी माझा संबंध शाळेच्या मैदानावरच्या व्हॉलीबॉलपुरता. (तो खेळ त्यांच्याच एका शिक्षकाने 1895 साली काढला.) पण खोटं ते खोटं.

'घुसल्या' या शब्दापासूनच गडबड आहे. एप्रिल 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि त्या उन्हाळ्यात 32 मोठ्या छावण्या उभ्या राहिल्या, निम्म्या लाकडी बराकींच्या, निम्म्या तंबूंच्या. आदल्या वर्षी युद्धमंत्री न्यूटन बेकर यांनी रेमंड फॉसडिक यांना मेक्सिकोच्या सीमेवर पाहणीला धाडलं होतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की संध्याकाळ झाली की शिपायाला जायला दारूचा गुत्ता आणि कुंटणखाना यांखेरीज जागा नाही. म्हणून युद्ध पुकारताच बेकर यांनी फॉसडिक यांच्याच अध्यक्षतेखाली छावण्यांतल्या विरंगुळ्यासाठी आयोग नेमला, आणि या संस्था त्याच्या देखरेखीखाली आत आल्या. दार सरकारनेच उघडलं, तेही भूतदयेपोटी नव्हे: गुप्तरोगाने अंथरुणाला खिळलेला शिपाई लढाईला निरुपयोगी.

आता बाटवण्याचं. धर्म तिथे होता आणि कुणी तो लपवलाही नव्हता. संस्थेच्या नावातच तो आहे. रविवारी प्रार्थना व्हायची, बायबलचे वर्ग भरायचे, खिशात मावेल असा नवा करार वाटला जायचा. पण भरती झालेली बहुतेक पोरं जन्माने ख्रिस्तीच होती, त्यांना बाटवून करणार काय? कॅथलिकांना प्रॉटेस्टंट करायचा डाव होता म्हणावं, तर त्याच छावण्यांत नाइट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक संस्थेची इमारत असायची, 'सगळ्यांचं स्वागत, सगळं फुकट' हे तिचं ब्रीद. ज्यू शिपायांसाठी ज्यू वेल्फेअर बोर्ड होतं. नोव्हेंबर 1918 मध्ये अशा सात संस्थांनी मिळून एकच वर्गणी काढली. 17 कोटी डॉलर मागितले, कबूल झाले 20 कोटींहून जास्त.

कागदाच्या आमिषावर मात्र थोडं थांबायला हवं. वायएमसीएच्या त्या लाकडी दालनाला 'हट' म्हणत. बाहेर लाल त्रिकोण, आत पियानो, फोनोग्राफ, आणि लिहायला मांडलेली टेबलं. कागद फुकट, माथ्यावर तोच त्रिकोण. दिवसभर कवायत करून आलेली पोरं तिथे कोपराला कोपर लावून घरी पत्रं लिहीत. सगळ्यांना लिहिता येत होतं असं मात्र नाही. लष्कराने चाचण्या घेतल्या तेव्हा साधारण चारांतल्या एकाला धड वर्तमानपत्र वाचता येईना की घरी पत्र लिहिता येईना. मग तिथेच अक्षरओळखीचे वर्ग सुरू झाले. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात प्रौढांच्या रात्रशाळा चालवणाऱ्या कोरा विल्सन स्ट्युअर्ट यांनी खास शिपायांसाठी लिहिलेलं वाचनपुस्तक 1918 साली वायएमसीएच्याच प्रकाशनाने काढलं. याला आमिष म्हणायचं तर गिरणगावातल्या रात्रशाळांनाही म्हणावं लागेल.

सिगारेटींच्या आरोपात तथ्य आहे, पण गोष्ट उलटीपालटी झाली आहे. मुळात ती प्रशिक्षण छावण्यांतली नाही, फ्रान्समधली आहे. तिथे अमेरिकी फौजेचे सेनापती जनरल पर्शिंग यांनी कँटीन चालवायचं काम लष्कराकडून काढून वायएमसीएच्या गळ्यात घातलं. दरात वाहतुकीचा खर्च धरावा लागे, म्हणून माल महाग. शेजारी साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेची जेमतेम अडीचशे माणसं गरम डोनट तळून देत होती; शिपायाने तुलना केली यात नवल नाही. त्यातच लष्करी गोदामातून घेतलेल्या मालात भेटीच्या पेट्या मिसळल्या. पैसे मोजून घेतलेलं पाकीट फोडावं तर आत देणगीदाराची चिठ्ठी! चिडणारच माणूस. तो गोंधळ होता आणि त्याने वायएमसीएचं नाव कायमचं खराब केलं. गल्ला मात्र भरला नाही. माझ्या मते त्यांची चूक एवढीच, की दुकानदारीला नाही म्हटलं नाही.

हिंदी शिपायांचं थोडक्यात. 1914 मध्ये फ्रान्सला गेलेल्या हिंदी फौजेत वायएमसीएला काम करायची परवानगी मिळाली ती धर्मप्रचार करायचा नाही या अटीवर. 1857 विसरलेलं नव्हतं सरकार. काम काय, तर फोनोग्राफ, खेळ, आणि निरक्षर शिपायाचं पत्र लिहून देणं. 1916 पासून हिंदुस्थानातल्या वायएमसीएचे सरचिटणीस होते के. टी. पॉल, त्या पदावरचे पहिले भारतीय.

त्याच वर्षी बंगळूरला हिंदी शिपायांत काम करायला मॅक्स यर्गन हा कृष्णवर्णीय अमेरिकी तरुण आला. आरोपच करायचा तर तो इथे आहे, आणि फिरत्या मजकुरात त्याचा मागमूस नाही. यर्गनच्या स्वतःच्या देशात कृष्णवर्णीय शिपायांची हट वेगळी असे. फ्रान्समध्ये दीड लाखांहून जास्त कृष्णवर्णीय शिपाई होते, आणि बराच काळ त्यांच्यासाठी वायएमसीएच्या कृष्णवर्णीय स्वयंसेविका होत्या फक्त तीन. त्यांतल्या ॲडी हंटन आणि कॅथरिन जॉन्सन या दोघींनी 1920 साली सगळं लिहून ठेवलं. सुरुवातीच्या काळात काही हटच्या दारांवर कृष्णवर्णीयांना मज्जाव असल्याच्या पाट्या असत, हेही त्यात आहे.