पुण्याच्या पाण्याचं तीस वर्षांचं प्लॅनिंग जुलैच्या आत कसं उरकायचं

तर समजा उद्या कुणी तुमच्याच गळ्यात घातलं की बाबा, पुण्याच्या पाण्याचं दीर्घकालीन नियोजन तू कर. घाबरायचं काही कारण नाही. तज्ज्ञ वगैरे लागत नाहीत, फक्त वेळ साधता आली पाहिजे. काम मेच्या शेवटच्या आठवड्यात काढायचं, त्याआधी नाही. तेव्हा धरणसाखळीच्या टक्क्यांच्या बातम्या सुरू असतात, गुरुवारी पाणी बंद ठेवायचं की नाही यावर चर्चा असते, सगळे गंभीर असतात. बैठका घ्या, पाहणी दौरा काढा, धरणाच्या उघड्या पडलेल्या चिखलात उभं राहून फोटो काढा. मग जुलै येतो आणि खडकवासला भरतं.

इथं एक गोष्ट कुणाला सांगायची नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारी धरणांत मिळून 29.15 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं खडकवासल्यात पुरतं 2 पण नाही. खरा साठा वरती पानशेत-वरसगावात. पण सगळ्यात लहान असल्यामुळे खडकवासला पटकन भरतं, मुठेत पाणी सोडतात, भिडे पूल पाण्याखाली जातो, लोक गाड्या लावून व्हिडिओ काढतात आणि पाणीप्रश्न सुटलेला असतो. तुमची फाइल कपाटात. पुढच्या मेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

आता लोकसंख्या. प्लॅन म्हटलं की माणसं मोजावी लागतात आणि इथे तुमचं नशीब जोरावर आहे कारण शेवटची जनगणना 2011 ची, त्यात महापालिका हद्दीत 31 लाखांच्या आसपास माणसं. त्यानंतर 2017 ला 11 गावं आत आली, 2021 ला आणखी 23 आली, क्षेत्रफळात राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झाली, पेढे वाटले. पाणी किती लागेल ते नंतर बघू असं ठरलं. (फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही कचरा डेपोवाली गावं आधी घेतली आणि मग वेगळी नगरपरिषद करून सोडून दिली. तिथल्या लोकांना आपण नक्की कुठे राहतो हे कसं कळत असेल देव जाणे.) तर आकडा पक्का नसल्याचा फायदा घ्या. जलसंपदा खात्याकडे पाणी मागायला जाताना शहर फुगवायचं, आणि मैलापाणी किती तयार होतं असं कुणी विचारलं की पोट आत घ्यायचं.

हद्दीवरच्या बांधकाम परवानग्या मात्र अडवू नका, वाढणारं शहर आहे. पाइपलाइन नाही? बिल्डरकडून हमीपत्र घ्या की महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी देईन. तो देतो लिहून, त्याचं काय जातंय. दोन वर्षांनी सोसायटी रजिस्टर होते, बिल्डर पुढच्या साइटवर जातो आणि चेअरमन काका टँकरवाल्याशी हुज्जत घालत बसतात. तुम्ही स्वतःच तिथे फ्लॅट घेणार असाल तर ब्रोशरमधला स्विमिंग पूल नीट बघून घ्या, कारण एप्रिलमध्ये टँकर आला नाही तर तेवढाच साठा. आणि बोअर मारायची असेल तर खुशाल मारा, हजार फूट मारा, खाली काळा बसाल्ट आहे, भेगा असल्या तर पाणी नसल्या तर धूळ, पण मशीनवाल्याचं बिल फुटावरच येतं.

आता गळती. हा विषय काढूच नका. महापालिकाच ती 30-40 टक्क्यांच्या घरात सांगत आलीये. चाळीस धरले आणि वापर 20 टीएमसी धरला तर 8 टीएमसी जमिनीत. टेमघर धरण 3.71 टीएमसीचं आहे, म्हणजे अख्खी दोन टेमघर आपण रस्त्यांखाली मुरवतो, तेही शुद्धीकरण करून, क्लोरीन घालून. (टेमघर स्वतःही गळत होतं, भिंतीत सिमेंटचं ग्राउटिंग करून भेगा बुजवाव्या लागल्या, पण ते वेगळं.) यावर समान पाणीपुरवठा योजना आहे, चोवीस तास पाणी, नव्या टाक्या, नव्या लाइनी, मीटर. मीटर बसवतायत, घरगुती बिल मात्र त्या मीटरवर येत नाही. हे असंच ठेवा. मीटरप्रमाणे बिल आलं तर रोज सकाळी पाइप लावून गाडी धुणारा माणूस आणि सातव्या मजल्यावर बादलीने पाणी चढवणारी बाई यांच्यातला फरक कागदावर दिसेल आणि निवडणुकीच्या तोंडावर असं काही दिसलेलं बरं नव्हे.

कालव्याचं बघू. खडकवासल्यातून निघालेला मुठा उजवा कालवा शहरातून उघडाच वाहत पुढे दौंड-इंदापूरच्या शेतीकडे जातो. त्यात कचरा टाकायला मोकळीक आहे, बाष्पीभवनाला मोकळीक आहे, मधेच मोटर टाकायला पण मोकळीक आहे. 27 सप्टेंबर 2018 ला दांडेकर पुलाजवळ तो फुटला, वस्तीत पाणी घुसलं, लोकांची भांडीकुंडी वाहून गेली. तेव्हा जलसंपदा मंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांकडे बोट दाखवलं होतं. हे लक्षात ठेवा, कामाला येतं. दीर्घकालीन नियोजनात जबाबदारी नेहमी बिळात राहणाऱ्यांवर टाकावी, ते खुलासा करायला येत नाहीत. कालव्याऐवजी फुरसुंगीपर्यंत बोगदा काढायचा प्रस्ताव आहे, पाणी वाचेल म्हणतात, तर त्याचं सादरीकरण दरवर्षी ठेवत जा.

वापरलेलं पाणी शुद्ध करून शेतीला द्यायचं आणि त्याच्या बदल्यात धरणातलं घ्यायचं असं ठरलेलं होतं, त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल, म्हणजे नदीतलं पाणी उपसून कालव्यात टाकणारी विहीर, पण आहे. शेतकरी म्हणतात पाण्याला वास येतो. येणारच, पुण्याचं आहे. बाकी जे शुद्ध होत नाही ते मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात जातं, ते सोलापूरकडची मंडळी पितात, आणि सोलापूरकर पुण्यात मतदान करत नाहीत. इथे नदीकाठ सुशोभित करा, जॉगिंग ट्रॅक करा, बाक ठेवा. नाकाला रुमाल लावून पळता येतं, मी बघितलंय लोकांना.

2025 च्या जानेवारीत सिंहगड रोडला, नांदेड, किरकटवाडी, धायरी त्या पट्ट्यात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) पेशंट वाढले आणि दूषित पाण्यावर संशय गेला तेव्हा समाविष्ट गावांना धरणाच्या अगदी शेजारी राहूनही शुद्धीकरण केंद्रातून पाणी मिळत नाही हे सगळ्या शहराला एकदम कळलं. यावर मला विनोद सुचत नाही. पुढे जाऊ.

इतिहासाचा अभिमान जरूर बाळगा. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजच्या तलावातून उताराने पाणी आणून पेठांतल्या हौदांत सोडलं, पंप नाही, वीज नाही, टेंडर नाही. 1961 ला 12 जुलैला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं, नळ कोरडे पडले तेव्हा लोक पुन्हा विहिरींवर आणि हौदांवर गेले. त्यामुळे अशा गोष्टी जपल्या पाहिजेत, त्यांच्यावर हेरिटेज वॉक ठेवला पाहिजे, आणि वॉक संपल्यावर विहिरीत राडारोडा टाकून वर पार्किंग केलं पाहिजे.

आता शेवटचं, पाणी मागायचं कसं. धरणातलं पाणी शहराला किती आणि शेतीला किती हे ठरवणाऱ्या कालवा समितीच्या बैठकीत 20 टीएमसीच्या वर आकडा टाका. मंजूर त्याच्यापेक्षा बरंच कमी होईल. नाराज होऊ नका, तेवढं मंजूर करून घ्या आणि हवं तेवढं उचला. 2019 साली जलसंपदावाल्यांनी चिडून महापालिकेचे पंपच बंद केले होते, शहरात बोंब झाली, फोनाफोनी झाली आणि पंप पुन्हा चालू झाले. म्हणून प्रकल्प अहवालाच्या आधी मुंबईतल्या दोन-चार वजनदार माणसांचे नंबर सेव्ह करून ठेवा, आणि इंदापूरवाल्यांकडेही तेच नंबर आहेत का तेवढं मात्र आधी चेक करा.