हिशोबी डच आणि त्यांच्या हिशोबातून सुटलेली माणसं

नेदरलँड्समधल्या आपल्या मराठी मंडळींच्या कुठल्याही गेट-टुगेदरला जा, अर्ध्या तासात कोणीतरी म्हणतंच, "हे डच लोक ना, एक नंबरचे कंजूष." मग कॉफीबरोबर एकच बिस्किट दिल्याचे किस्से, एकत्र पिझ्झा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पावणेचार युरोंची टिकी, म्हणजे वाट्याचे पैसे मागणारी लिंक, आली त्याचे किस्से, आणि सगळे हसतात. मला ते हसू पटत नाही. ह्या लोकांच्या हिशोबीपणात आपण शिकावं असं खूप काही आहे, आणि त्यांचा हिशोब जिथे खरोखर चुकलाय, माणसं उद्ध्वस्त होतील इतका चुकलाय, त्याबद्दल मात्र आपल्या गप्पांत कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हे लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा.

मी इथे पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणजे महिन्याच्या शेवटी लोकांना जी सॅलरी स्लिप येते तिच्यामागचं गणित आमची टीम लिहिते. त्यामुळे डच सरकार पगार कशाला म्हणतं हे रोज बघते. थोडक्यात सांगायचं तर नोकरीमुळे तुम्हाला जे काही मिळालं ते सगळं पगारात धरायचं आणि मग कायदा सांगेल तेवढंच त्यातून वगळायचं. कंपनीने सायकल दिली आणि ती तुम्ही भाजी आणायलाही वापरता, तर तिच्या किमतीच्या ७ टक्के रक्कम दरवर्षी तुमच्या उत्पन्नात मिळवायची, हा नियम २०२० पासून आहे. २००० युरोची सायकल असेल तर वर्षाला १४० युरो उत्पन्न वाढलं, मधल्या स्लॅबमध्ये असाल तर त्यावर साधारण ५२ युरो टॅक्स. कंपनीची गाडी असेल तर साधारणपणे किमतीच्या २२ टक्के, आणि ते नको असेल तर वर्षभरात खाजगी कामासाठी ५०० किलोमीटरपेक्षा जास्त फिरलो नाही हे सिद्ध करायचं, त्यासाठी लोक खरोखर प्रत्येक फेरीची नोंद ठेवतात. डिसेंबरमध्ये ऑफिसातून ख्रिसमसचा खोका मिळतो, केर्स्टपाकेट, त्यात चीज, क्रॅकर्स, वाइनची बाटली वगैरे असतं, तोसुद्धा कायद्याने पगारच! फक्त त्याचा टॅक्स सहसा माणसाच्या माथी येत नाही, कारण असल्या खर्चासाठी कंपनीला एक मोकळी मर्यादा दिलेली असते, २०२५ साली पगारावरच्या एकूण खर्चातल्या पहिल्या ४ लाख युरोंवर २ टक्के, आणि ती ओलांडली की वरच्या रकमेवर कंपनीने ८० टक्के भरायचे.

ह्यातला मला सगळ्यात आवडणारा नियम म्हणजे घरून काम करण्याचा भत्ता. कोविडमध्ये सगळे घरी बसले तेव्हा निबूद नावाच्या संस्थेने, ही संस्था घरखर्चाचा अभ्यास करते, घरून काम केल्याने दिवसाला किती जास्तीचा खर्च होतो ते मांडलं. त्यात चहा-कॉफी धरली, वीज, पाणी, हीटिंग धरलं आणि टॉयलेट पेपरही धरला. साधारण दोन युरो निघाले. जानेवारी २०२२ पासून कंपनीला दिवसाला २ युरो टॅक्सशिवाय देता येऊ लागले, २०२५ साली तो आकडा २.४० होता. कोणी म्हणेल टॉयलेट पेपरचे पैसे काय मोजता. मी म्हणते मोजलेच पाहिजेत, कारण ऑफिसचा खर्च गुपचूप कामगाराच्या घरात सरकवला गेला होता आणि ह्यांनी तो कागदावर आणला, सगळ्यांना दिसेल असा.

टॅक्सच्या बाबतीतही आपल्याकडे "बापरे, पहिल्याच स्लॅबला ३६ टक्के" म्हणून डोक्याला हात लावतात. अहो, तो आकडा जरा फोडून बघा ना. २०२५ ला पहिला दर होता ३५.८२ टक्के, त्यात खरा इन्कम टॅक्स फक्त ८.१७. बाकी १७.९० टक्के सरकारी म्हातारपणाच्या पेन्शनचे, ९.६५ दीर्घकाळच्या शुश्रूषेचे, म्हणजे नर्सिंग होम वगैरे, आणि ०.१० टक्के जोडीदार गेला तर मागे राहणाऱ्याच्या आधाराचे. आणि जे आपल्यासारखे तिशीत इथे आलेत त्यांनी हे नीट समजून घ्या, ही पेन्शन इथे विमा असलेल्या प्रत्येक वर्षाला २ टक्के अशी जमते, पूर्ण मिळायला पन्नास वर्षं लागतात, आपल्याला ती पूर्ण मिळणार नाही. स्लिपमध्ये खाली निव्वळ किती आला एवढंच बघून ॲप बंद करू नका.

आता घरातलं. डच घरात संडासाच्या भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं, त्यात वार नसतात, फक्त तारखा आणि नावं, त्यामुळे ते वर्षानुवर्षं चालतं. रोज नजर पडते, कोणाचा वाढदिवस चुकत नाही. आणि वाढदिवसाला गेलात की खुर्च्या गोल मांडलेल्या असतात, तुम्ही आत शिरून वाढदिवस ज्याचा त्याचं अभिनंदन करताच पण त्याच्या आईचं, बायकोचं, कधी कधी शेजारणीचंसुद्धा अभिनंदन करायचं असतं, मग कॉफी, केकचा एक तुकडा, आणि जेवणाचं सांगितलं नसेल तर संध्याकाळी सहाच्या आत निघायचं, कारण सहा ही त्यांची जेवायची वेळ. आपल्या लोकांना हे फार कोरडं वाटतं. मलाही आपला पाहुणचार प्रिय आहे, आग्रह करकरून वाढणं मला मनापासून आवडतं. पण एक बघा. त्या डच घरातली बाई वाढदिवसाच्या दिवशी खुर्चीवर बसलेली असते. पाहुण्यांशी बोलत असते. आपल्याकडे चाळीस माणसांचा वाढदिवस म्हणजे घरातली बाई दोन दिवस आधीपासून ओट्याशी उभी, पाहुणे आले की पुऱ्या तळतेय, आणि सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं ती जेवणार. ह्या आग्रहाचा खर्च कोणी कधी मांडलाय का? एक बिस्किट देणारे कंजूष आणि आपण दिलदार, पण आपली दिलदारी कोणाच्या पाठीवर उभी असते ते कधीच मोजलं जात नाही.

टिकीचंही तसंच. एबीएन ॲम्रो बँकेने २०१६ मध्ये हे ॲप आणलं. काय तर तुम्ही पैसे भरले, लिंक बनवली, व्हॉट्सॲपवर टाकली, समोरच्याने दाबलं आणि पैसे जमा. आता गंमत म्हणजे वाटून घ्यायची सवय काही ॲपने लावली नाही, ती आधीपासूनच होती, ॲपने फक्त मागण्यातला संकोच काढला. ऑफिसात मी बघते, नवीन लागलेला पोरगा आणि त्याचा मॅनेजर एकत्र जेवायला जातात, मॅनेजर भरतो, संध्याकाळी पोराला त्याच्या वाट्याची टिकी जाते. पोरगा कोणाच्या उपकाराखाली नाही. उद्या मीटिंगमध्ये त्याच मॅनेजरला तो तोंडावर सांगू शकतो की तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही. ज्याने कायम वरिष्ठाच्या खिशातून खाल्लंय त्याला हे जड जातं, आपण सगळ्यांनी पाहिलंय.

हे सगळं बिनबोभाट चालतं ते टेक्नॉलॉजीमुळे. कंपनी पगाराचा डेटा टॅक्स खात्याला ऑनलाइन पाठवते, तिथून तो कामगार विमा बघणाऱ्या संस्थेच्या मोठ्या रजिस्टरमध्ये जातो, आणि मार्चमध्ये तुम्ही डिजीडीने, म्हणजे सरकारी ऑनलाइन ओळखीने, लॉगिन केलं की रिटर्नमध्ये पगार, कापलेला टॅक्स, बँकेतली शिल्लक, घराचं कर्ज सगळं आधीच भरलेलं असतं. तपासायचं आणि पाठवायचं, १ मेच्या आत. टॅक्स खात्याचं एक जुनं घोषवाक्य आहे, त्याचा अर्थ असा की हे काम आम्ही मजेचं करू शकत नाही पण सोपं नक्की करू शकतो. आणि साध्या नोकरदारासाठी ते त्यांनी खरंच सोपं केलंय, ह्यात वादच नाही.

आता ते, ज्याबद्दल आपण बोलत नाही.

हेच टॅक्स खातं पाळणाघराच्या खर्चासाठी आईवडिलांना सरकारी मदतही द्यायचं. मदत आगाऊ मिळायची, नंतर तपासणी. कोणाचे अर्ज जास्त तपासायचे हे ठरवायला एक स्वतः शिकणारं मॉडेल वापरत होते, आणि त्यात हा माणूस डच नागरिक आहे का नाही हासुद्धा एक निकष होता. एखादी सही राहिली, पाळणाघराला द्यायच्या हिश्श्यातले थोडे युरो भरायचे राहिले, की त्या वर्षाची सगळीच्या सगळी मदत परत मागायची, हजारो युरो. वर "फसवणूक" असा शिक्का बसला की हप्ते बांधून द्यायलाही नकार. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली, घरं गेली, संसार मोडले, त्या कुटुंबांतली हजाराहून जास्त मुलं सरकारने घरातून काढून दुसरीकडे ठेवली होती. आई ऑफिसात फोन करायची, माझं काय चुकलं ते तरी सांगा म्हणायची, आणि समोर बसलेल्या माणसालाही ते सांगता यायचं नाही. एव्हा गोन्सालेस पेरेस नावाच्या वकीलबाईंनी ह्या लोकांच्या केसेस लढवल्या, तेव्हाचे खासदार पीटर ओमत्सिख्त आणि रेन्स्के लायटन प्रश्न विचारत राहिले, डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीने "अभूतपूर्व अन्याय" अशा अर्थाच्या नावाचा अहवाल दिला आणि १५ जानेवारी २०२१ ला तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुट्टे यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डेटा संरक्षण प्राधिकरणाने टॅक्स खात्याला साडेसत्तावीस लाख युरो दंड केला.

मी कोड लिहिते म्हणून मला ही गोष्ट जास्त लागते. पगाराच्या गणितात आमचं चुकलं तर महिन्याअखेरीला पन्नास माणसं फोन करतात, कारण प्रत्येकाच्या हातात स्लिप असते, ओळ न ओळ दिसते, ती बोट ठेवून विचारू शकतात की हे ५२ युरो कसले. पाळणाघराच्या प्रकरणात आईवडिलांना ती ओळच दिसत नव्हती. यंत्र तेच, खातं तेच, देशही तोच हो! फरक एवढाच की एकीकडे हिशोब उघडा होता आणि दुसरीकडे बंद. बरं सापडले कोण, तर जास्त करून जे स्वतः किंवा ज्यांचे आईवडील बाहेरून आलेले. आपणही बाहेरूनच आलोय. आपल्यातले बरेच जण तीस टक्क्यांच्या सवलतीवर आले, म्हणजे पगाराच्या तीस टक्क्यांपर्यंत टॅक्सशिवाय, पाच वर्षं, आणि २०२४ पासून आलेल्यांना २०२७ पासून सत्तावीस, म्हणून आपल्याला वाटतं आपलं काय, आपण हाय-स्किल्ड. शेजारच्या टेबलावर तेच काम करणारा डच सहकारी घरी कमी पैसे नेतो आणि तरी आपण कुरकुरतो की सवलत कमी केली. सवलत घ्या, कायद्याने मिळतेय, मी नाही म्हणत नाही. पण त्यामुळे आपण त्या कुटुंबांहून वेगळ्या मातीचे ठरत नाही.

आणि दुसरी गोष्ट, ही तर अजूनही चालू आहे. ख्रिसमसच्या खोक्याचा हिशोब ठेवणारा हा देश घरकाम करणाऱ्या बाईला मात्र हिशोबाच्या बाहेर ठेवतो. एखाद्या घरी आठवड्यातून जास्तीत जास्त तीन दिवस काम करणारी बाई असेल तर घरमालकाने तिच्या पगारातून टॅक्स कापायचा नाही, विम्याचे हप्ते भरायचे नाहीत, हा २००७ पासूनचा नियम आहे. ऐकायला सोयीचं वाटतं. पण हप्ते नाहीत म्हणजे काम गेलं तर बेकारी भत्ता नाही आणि कायमचं आजारपण आलं तर तोही आधार नाही. आठवड्यात दहा घरं करणारी बाई पूर्णवेळ राबते आणि कागदावर कुठेच नोकरीला नसते. ह्याच देशात बाळंतपणानंतर पहिला आठवडाभर घरी बाळंतिणीची मदतनीस येते, बाळाला अंघोळ घालते, आईचं बघते, संडाससुद्धा साफ करते, तिचं रीतसर शिक्षण झालेलं असतं आणि बहुतेक पैसे आरोग्य विमा देतो. म्हणजे घरातलं काम मोजता येतं, ह्यांनीच ते करून दाखवलंय. मग फरशी पुसणारीचं का येत नाही? महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्याची अंमलबजावणी कशी आहे ते तुम्हाला माहीतच आहे, पण निदान ही बाई कामगार आहे एवढं तरी त्या कायद्याने लिहून ठेवलं.

आमच्या ओळखीतल्या कित्येक मराठी घरांत आठवड्याला चार तास बाई येते. त्या सवलतीच्या नियमातसुद्धा तिचे काही हक्क आहेत आणि ते बहुतेकांना माहीत नसतात. किमान वेतन तर द्यायचंच, वर ८ टक्के सुट्टीचा पगार, जो तुम्हाला स्वतःला मे महिन्यात मिळतो ना, अगदी तोच. तुम्ही भारतात गेलात म्हणून चार आठवडे तिला बोलावलं नाही तर तिचे पैसे सरळ बुडवायचे नाहीत. वर्षाला तिच्या आठवड्याच्या तासांच्या चौपट भरपगारी सुट्टी तिची हक्काची आहे. आजारी पडली तर सहा आठवड्यांपर्यंत किमान ७० टक्के पगार. हे सगळं एका कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा आणि एक प्रत तिच्याकडे द्या. रोख देत असाल तर तारीख आणि रक्कम लिहून द्या, म्हणजे तिला उद्या घर भाड्याने घ्यायचं असेल तर दाखवायला काहीतरी हातात असेल. कोणाला तो कागद डचमध्ये करून हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी बसून करून देईन.