‘आधीचं बरं होतं’ म्हणा आणि मोकळे व्हा

तुमचा आवडता बँड एक ना एक दिवस बिघडणार आहे, हे आत्ताच मनाशी धरून ठेवा. कालपरवापर्यंत सरळ गाणी म्हणणारी चार पोरं अचानक दाढी वाढवतात, गिटार कोपऱ्यात ठेवतात आणि ‘आम्ही काहीतरी शोधतोय’ म्हणतात. मग अल्बम येतो. त्यात धृपद नसतं, कडवं नसतं, मधेच कुणीतरी कपाट सरकवल्यासारखा आवाज येतो. अशा प्रसंगी पुणेकर श्रोत्यानं कसं वागावं, याबद्दल दोन शब्द.

सगळ्यात आधी म्हणजे, अल्बम ऐकू नका. मत आधी बनवा. ऐकल्यावर बनवलेलं मत गुळमुळीत निघतं, त्यात ‘पण’ येतो, ‘तसं बघायला गेलं तर’ येतं. न ऐकता बनवलेलं मत कसं कडक इस्त्रीचं असतं. आणि वाक्य आपल्याकडे तयार आहेच: ‘आधीचं बरं होतं.’ मिसळ, फर्ग्युसन रस्ता, पाऊस, गणपतीतली गर्दी, सगळ्याला ते लागू पडलंय, बँडलाही पडेल. ‘आवडलं नाही’ मात्र कधीही म्हणू नका. त्यात आपली आवड उघडी पडते. ‘पोचलं नाही’ म्हणा. पोचलं नाही की जबाबदारी पाठवणाऱ्यावर.

चारचौघांत वजन पडावं म्हणून परदेशातली दोनतीन उदाहरणं खिशात असू द्यात. रेडिओहेड हा ब्रिटिश बँड सगळ्यांत सोयीचा. १९९७ साली ‘ओके कॉम्प्युटर’ काढून त्यांनी जगभर नाव कमावलं. आता शहाण्या माणसानं काय करावं? तसाच दुसरा काढावा. यांनी ऑक्टोबर २००० मध्ये ‘किड ए’ काढला. गिटारी बऱ्याचशा बाजूला. त्यांच्या जागी सिंथेसायझर आणि ओन्द मार्तेनो नावाचं १९२८ सालचं फ्रेंच वाद्य. गायकाचा आवाज यंत्रातून काढून चुरगळलेला. शब्द सुचेनात म्हणून त्याच गायकानं, थॉम यॉर्कनं, ओळी चिठ्ठ्यांवर लिहिल्या आणि टोपीतून एकेक उचलल्या. आपल्याकडे भिशीचा नंबर काढतात तसं. अल्बममधून एकही सिंगल, म्हणजे सुटं गाणं, काढला नाही, नेहमीसारखा व्हिडिओ केला नाही. बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. आणि अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेला. अमेरिकेतही गेला, तिथे तर त्यांचा पहिल्यांदाच.

यातून तुम्ही घ्यायचं ते एवढंच, की ज्याला तेव्हा शिव्या दिल्या त्याचं कौतुक कधी सुरू करायचं, ती वेळ चुकवू नका. साधारण दहा वर्षं जाऊ द्यावीत. मग एखाद्या संध्याकाळी कट्ट्यावर, चहाचा कप खाली ठेवत म्हणावं, ‘मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.’ कॅसेट मुंबईहून मागवली होती, हेही जोडावं. प्रत्येकानं मुंबईहूनच मागवलेली असते. ती देणारा दुकानदार आजवर कुणाला सापडलेला नाही.

जरा कडक भूमिका हवी असेल तर नील यंग घ्या. १९८२ च्या अखेरीस ‘ट्रान्स’ नावाचा त्याचा अल्बम आला. गिटार आणि हार्मोनिका घेऊन गाणारा हा माणूस व्होकोडर नावाच्या यंत्रातून यंत्रमानवासारखा बोलायला लागला. पुढचा अल्बमही भलत्याच वळणाचा. शेवटी १९८३ मध्ये त्याच्या गेफेन कंपनीनं त्याच्यावर तेहतीस लाख डॉलरचा दावा ठोकला. तक्रार अशी, की हे रेकॉर्ड धंद्याचे नाहीत आणि त्याच्या नेहमीच्या संगीतासारखेही नाहीत. म्हणजे नील यंग नील यंगसारखा वाजत नाही म्हणून नील यंगवर खटला! श्रोत्याच्या मनातलं इतकं स्वच्छ कागदावर आणणारा वकील आपल्या शिवाजीनगर कोर्टातसुद्धा मिळायचा नाही. नील यंगच्या लहान मुलाला सेरेब्रल पाल्सीमुळे बोलता येत नव्हतं आणि तो यंत्राचा आवाज त्या मुलाशी बोलण्याच्या धडपडीतून आला होता, हे त्यानं पुढे सांगितलं. हा भाग चारचौघांत काढू नका. रंगाचा बेरंग होतो.

अमेरिकन रॉक गायक लू रीडचा १९७५ चा ‘मेटल मशीन म्युझिक’ फक्त धमकी द्यायला वापरावा. दोन तबकड्या, तासाभराहून जास्त गिटारचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरसमोर धरल्यावर उठतो तो कर्कश आवाज, ना शब्द ना ठेका. शेवटच्या बाजूची खाच तर अशी बंद केलेली, की सुई उचलेपर्यंत तोच तुकडा फिरत राहतो. दुपारी एक ते चारमध्ये लावून बघा. खालचे काका पाटी लावायच्या भानगडीत न पडता थेट वर येतील.

आता एक अडचण येते, तिचा बंदोबस्त करून ठेवा. कुणीतरी आगाऊ विचारणारच, ‘अहो, पण तुम्ही तर सवाईला जाता ना?’ जातो. डिसेंबरच्या थंडीत शाल गुंडाळून, थर्मास मांडीशी घेऊन भारतीय बैठकीत बसतो. गवई पंधरा मिनिटं मंद्र सप्तकातून वर येत नाही आणि आपण डोळे मिटून ‘आहाहा’ म्हणतो. घड्याळ बघणाऱ्याकडे शेजारचे असे बघतात की बिचारा मनगट बाहीत सरकवतो. हेच गिटारवाल्यानं चार मिनिटं एक स्वर धरला की आपण विचारतो, ‘ट्यूनिंग झालं का?’ १९७१ मध्ये बांगलादेशासाठी न्यूयॉर्कला कार्यक्रम झाला, तिथे रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं जुळवत होते आणि गोऱ्या लोकांनी त्यालाच टाळ्या वाजवल्या. आपण त्यांना अजून हसतो. आपली चूक उलट्या बाजूची आहे, तेव्हा ती चूक धरत नाहीत.

हे सगळं मला सुचलं ते भाच्यामुळे. त्याचा बँड आहे. दिवसा चौघंही हिंजवडीत, रात्री जॅमिंग. कॉलेजात असताना त्यांनी पावसावर एक गाणं केलं होतं. जोरकस रिफ, दुसऱ्यांदा धृपद आलं की सगळं सभागृह उड्या मारायचं. तेव्हापासून गिग कुठलाही असो, मागून आरोळी येते, ‘पावसाचं घ्या!’ मे महिन्यातसुद्धा. त्याच्या चुलत बहिणीच्या संगीतात तर नवरदेव त्या गाण्यावर घोड्यासारखा नाचला.

आणि या पोरांनी गेल्या महिन्यात अल्बम काढला तो बिनपावसाचा. एरंडवण्यातल्या एका लहान हॉलमध्ये ऐकवायला बोलावलं होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, बटाटेवडे, पुढच्या रांगेत नातेवाईक. दिवे मालवले आणि अकरा मिनिटं पाण्याची मोटार ऐकवली. खोटं नाही सांगत. आधी मोटारीनं हवा धरलेली, त्यामुळे ती नुसतीच कोरडी किंचाळत होती. मग पाणी धरलं तसा तिचा आवाज खाली उतरला, भरला, आणि त्या स्वरावर गिटार येऊन बसली. ड्रमर मूळचा ढोलपथकातला. पण टोल नाही, काही नाही, तो टिपरू ढोलाच्या पानावरून नुसतं घासत होता. ज्या पोराच्या एका ठोक्यानं लक्ष्मी रोडवरच्या खिडक्या हलतात, तो अकरा मिनिटं घासत बसला. माझ्यामागचे गृहस्थ उठले, ‘सूर लागला की हाक मारा, खाली चहा घेऊन येतो’ म्हणाले, आणि गेले. श्रोता असावा तर असा.

सातव्या मिनिटाला लांबून, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखी एक घंटा वाजली. देवघरातली, लहान, जराशी फुटक्या नादाची. तीनदा. परत मोटार.

कार्यक्रम संपल्यावर भाचा आला. ‘मामा, ओळखलंस ना? नारायण पेठेतली मोटार. वाडा बिल्डरकडे जायच्या आधी मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. आजी पूजेला बसली होती तेव्हा.’

मी म्हटलं, ‘ते कळलं रे. पण गाणं कुठंय?’

तो हसला. मग मी ‘पोचलं नाही’ हेही सांगून टाकलं, आणि उरलेला वडा संपवला. आईला जाऊन तीन वर्षं झाली, वाड्याच्या जागी सात मजले उभे राहिले, त्यातल्या पाचव्यावर मी राहतो. हा तपशील समीक्षेत आणायचं कारण नाही. तुम्हीही आणू नका.

एक शेवटची खबरदारी. सकाळी सहाला सोसायटीची मोटार सुरू होते. आधी कोरडी किंचाळते, मग पाणी धरते. त्या वेळी तुम्ही गॅलरीत जाऊन उभे असाल, मिनिटं मोजत असाल आणि सातव्याला कान जरा घराच्या आतल्या बाजूला वळत असेल, तर चेहरा नेहमीचाच ठेवा. बायकोनं विचारलं तर दूधवाल्याची वाट बघतोय म्हणून सांगा.