वीस वाव खालचा पागडीवाला

बेलापुरात राहणाऱ्या माणसाला माशांसाठी करावे लागणारे कष्ट तसे थोडेच. संध्याकाळी दिवाळे गावच्या बाजारात जायचं, भाव विचारायचा, ऐकून "काय बाई तरी!" म्हणायचं आणि शेवटी तेवढेच पैसे मोजून पिशवी भरून घरी यायचं. याहून जास्त हौस असेल तर खाडीच्या काठावर गळ टाकून बसावं. शिंगटी लागते, काळुंद्री लागते, नशीब फळफळलं तर जिताडाही. माझ्या नवऱ्याला यातलं काहीच चालत नाही. "खाडीचा तळ मऊ असतो," असं तो ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात माझी आजी एखाद्या स्थळाला नकार द्यायची.

त्याला हवं खडप, म्हणजे समुद्रातला खडकाळ तळ. तेही खोल पाण्यातलं. कारण हेकरू आणि तांबोशी या माशांची घराणी खडकाच्या कपारीतच राहतात, आणि आपल्या दाराशी तर सगळा गाळच गाळ. म्हणून मध्यरात्री दिवाळ्याच्या जेट्टीवर जाऊन बोटीत बसायचं. अटल सेतूखालून जायचं. वरून जाणारी गाडी वीस मिनिटांत शिवडीला पोहोचते, आपण त्याच पुलाखालून निघून उजाडेपर्यंत नुसते हलत असतो. घारापुरी मागे पडते, तेलाची जहाजं मागे पडतात, खांदेरीचा दिवा मागे पडतो आणि शेवटी मोबाईलची रेंजही मागे पडते.

मी का जाते? मी हिशेब तपासणीच्या खात्यात नोकरी करते. घरखर्चात दर महिन्याला 'शिसं' या नावाखाली एक रक्कम दिसायला लागली, तेव्हा ते शिसं प्रत्यक्षात कुठे जातं ते पाहणं मला भागच होतं.

तर ते कुठे जातं ते सांगते. नाखवा, म्हणजे बोटवाला, आधी तळ दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर बघत बोट पुढे-मागे करतो. चिखल असेल तर तळाची रेघ बारीक दिसते, खडक आला की जाड आणि लालभडक. रेघ जाड झाली की नांगर टाकायचा. मग तंगूसाच्या, म्हणजे नायलॉनच्या दोरीच्या टोकाला पाव किलोचं शिसं, त्याच्या वर हातभर अंतरावर बाजूला काढलेल्या फांदीवर गळ, गळाला आमिष म्हणून माकुलाचा (स्क्विडचा) तुकडा, आणि सोडायचं खाली. वीस वाव. नाखवा अजून वावातच मोजतो. दोन्ही हात पसरले की एक वाव, साधारण सहा फूट. म्हणजे साडेछत्तीस मीटर झाले. शिसं तळाला टेकलं की दोरी अचानक सैल पडते, आणि मग ताबडतोब दोन हात वर उचलायची. हे ताबडतोब ज्याला जमलं तो मासे मारतो. ज्याला नाही जमलं तो दुकानदाराचं भलं करतो.

आमच्या घरातून दुकानदाराचं भरपूर भलं झालेलं आहे. नवऱ्याचा रॉड वाकतो, नवरा ओरडतो, सोबत आलेला त्याचा ऑफिसातला मित्र उलटी अर्धवट सोडून टाळ्या वाजवतो. नाखवा मात्र विडी पेटवत म्हणतो, "वडू नको. खरक हाय."

"हलतोय, नाखवा!"

"बोट हलतं."

जाणते लोक यासाठी शिसं मुद्दाम कच्च्या दोरीने बांधतात. अडकलं तर तेवढी कच्ची दोरी तुटते, शिसं जातं, गळ आणि मासा हाती राहतो. नाखव्याने हे शांतपणे, पुनःपुन्हा सांगितलेलं आहे. पण नवऱ्याने महागाची परदेशी दोरी घेतलेली आणि ती तुटत नाही हेच तिचं मोठेपण, म्हणून शिसंही त्याच दोरीने बांधलेलं. ती खरंच तुटत नाही. एकदा तिने बोटीचं तोंड फिरवलं. शेवटी ती कापावीच लागते. त्या खडपावर आता आमचं जेवढं शिसं साठलंय, तेवढं सोनं घेतलं असतं तर, असं मी बोलायला सुरुवात केली की नवरा क्षितिजाकडे बघतो. क्षितिजाकडे बघणं बोट लागण्यावरही चांगलं, असं नाखवा सांगतोच.

आता हेकरूबद्दल. माझं लहानपण ठाण्याच्या नौपाड्यात पागडीच्या, म्हणजे एकदा ठोक रक्कम देऊन जुन्या भाड्याने धरलेल्या खोलीत गेलं, त्यामुळे या माशाचा स्वभाव मला पहिल्याच भेटीत ओळखीचा वाटला. मालकाने पाणी तोडलं, जिना काढला, नोटीस दारावर चिकटवली, तरी आमच्या शेजारचे काका जसे खोली सोडत नसत, तसा हेकरू कपार सोडत नाही. आमिष दाराबाहेर आलं की पटकन बाहेर येऊन तोंडात घेतो आणि त्याच पावली परत आत. आत गेला की कल्ले फुलवतो, पाठीचे काटे उभारतो आणि स्वतःला पाचरीसारखा ठोकून घेतो. पहिल्या दोन-तीन वावांत त्याला वर उचलला तर तो तुमचा, नाहीतर मग तुम्ही त्याचे. यावर उपाय एकच, दोरी ढिली सोडून गप्प बसायचं. धोका टळला असं वाटून तो कधीतरी बाहेर डोकावतो. काकांच्या बाबतीत मालकाने हाही उपाय करून पाहिला होता, पण ते हेकरूपेक्षा हुशार निघाले.

आणखी एक गंमत म्हणजे बहुतेक जातींचे हेकरू मादी म्हणून मोठे होतात आणि वय नि आकार वाढला की त्यातले काही नर होतात. ही माहिती नवऱ्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितली. मी म्हटलं, "म्हणजे आयुष्याचा पूर्वार्ध तरी शहाणपणात जातो." त्यानंतर घारापुरीपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. पण गंमत सोडली तर मुद्दा गंभीर आहे. मोठमोठे तेवढे उचलून नेले, तर मागे नर किती उरणार? बारके सोडून द्यावेत म्हटलं तर तेही सोपं नाही. एवढ्या खोलीवर दाब वरच्यापेक्षा साडेचार पट. झरझर वर ओढला की पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, कधी जठरसुद्धा तोंडातून डोकावतं, आणि पाण्यात टाकला तरी बिचारा पोट वर करून तरंगत राहतो. त्याला वजन बांधून पुन्हा खाली पोहोचवावं लागतं. आमच्याकडचं शिसं या एकाच कामी सत्कारणी लागेल असं मला वाटतं, आणि तसं मी नाखव्याला सांगितलंही. तो म्हणाला, "वयनी, खाली सोरायला कनाला आनला मंग वर?" या प्रश्नाला माझ्या खात्यात उत्तर नाही.

वेळेचा घोळ तर विचारूच नका. उधाणाला पाण्याची ओढ एवढी असते की शिसं तळाला न जाता अलिबागकडे निघतं. म्हणून जायचं ते भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, पाणी मऊ असताना. आणि आमच्या सासूबाई अष्टमीला घरात मासा शिवू देत नाहीत. चंद्राने आणि सासूबाईंनी मिळून ही जी व्यवस्था लावली आहे, तिच्यात आजवर फट सापडलेली नाही. त्यामुळे अष्टमीला पकडलेला मासा घरी येऊन दाराबाहेर थर्माकोलच्या पेटीत बर्फावर बसतो, आणि सोसायटीतलं प्रत्येक मांजर आमच्या मजल्यावर हवापालट करायला येतं.

मागच्या खेपेला चांगला पाच किलोचा हेकरू मिळाला. कुणाच्या दोरीला लागला यावर घरात दोन मतं आहेत आणि नाखवा साक्ष द्यायला तयार नाही. बारा वाजून गेल्यावर नवऱ्याने तो फ्रीजमध्ये कोंबायचा प्रयत्न केला. मावेना. खालून बर्फाचे खण निघाले, वाटाणे निघाले, डबे निघाले, आणि ते सगळं तसंच ओट्यावर ठेवून आम्ही झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटात हेकरूच्या डोक्याचं कालवण होतं आणि बाजूला माकुलाचं सुकं. नवऱ्याने कालवणाचं नावही घेतलं नाही. माकूल मात्र तीनदा वाढून घेतलं.

"आई, माकूल कुठून आणलंस? फार ताजं दिसतंय."

"तुझ्याच निळ्या डब्यातलं," सासूबाई म्हणाल्या. "किती दिवस नुसतं ठेवलं होतंस. बारीक बारीक तुकडे तर करूनच ठेवलेले, मला चिरायचीही गरज पडली नाही."

नवऱ्याचा हात थांबला.

"त्यातल्या काहींना मी गळ लावून ठेवले होते."

"हो ना," सासूबाई म्हणाल्या, "मला सापडले तेवढे काढलेत."

नवऱ्याने पुढचा घास फार सावकाश चावला.