ताशी १६७० किलोमीटर वेगाने फिरूनही आपण उडून का जात नाही?

पृथ्वी फिरत नाही हे ‘सिद्ध’ करणारा एक मजकूर वर्षानुवर्षं पुढे पाठवला जातोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मेरी-गो-राउंडवर साध्या वेगातही दांडी घट्ट धरावी लागते, मग ताशी १६७० किलोमीटरने फिरणाऱ्या पृथ्वीवरून आपण केव्हाच फेकले गेलो असतो. ओला चेंडू गरगर फिरवला की पाणी उडतं, मग समुद्र जागेवर कसे? उडी मारली की पायाखालची जमीन पुढे निघून जायला हवी. आणि हे फिरणं आजवर कुणी मोजून दाखवलेलं नाही.

आधी आकड्याबद्दल. १६७० खरा आहे, पण फक्त विषुववृत्तावर. ६० अंश अक्षवृत्तावर तो निम्मा होतो, म्हणजे साधारण ८३७, आणि ध्रुवावर शून्य. सगळीकडे सारखा असतो तो कोनीय वेग, म्हणजे ठरावीक वेळात वळलेला कोन. पृथ्वीसाठी तो तासाला १५ अंश. घड्याळाचा तासकाटा १२ तासांत एक फेरी मारतो, पृथ्वी २४ तासांत. म्हणजे ती तासकाट्याच्याही निम्म्या गतीने वळते! कोनीय वेगाला अक्षापासूनच्या अंतराने गुणलं की स्पर्शरेषीय चाल, म्हणजे वर्तुळाच्या कडेने जाण्याची चाल मिळते (कोन रेडियनमध्ये घ्यायचा; एक रेडियन म्हणजे सुमारे ५७ अंश). विषुववृत्तावर हे अंतर ६३७८ किलोमीटर आहे, म्हणून इतक्या संथ वळण्यातूनही सेकंदाला ४६५ मीटर चाल निघते.

आता मेरी-गो-राउंड. या मुद्द्याला बरेच जण उत्तर देतात की, “पृथ्वीचा वेग एकसारखा आहे, म्हणून जाणवत नाही.” हे उत्तर अर्धवट आहे आणि मला ते खटकतं, कारण मेरी-गो-राउंड अगदी एकसारख्या चालीने फिरत असलं तरी आपण बाहेर ओढले जातोय असं वाटतंच. चाल बदलली नाही तरी दिशा क्षणोक्षणी बदलते, आणि ती बदलायला अभिकेंद्री, म्हणजे केंद्राच्या दिशेने असलेलं त्वरण लागतं. ते किती? स्पर्शरेषीय चाल गुणिले कोनीय वेग. त्यामुळे नुसती चाल सांगून काहीच सिद्ध होत नाही.

हिशोब करून पाहा. अक्षापासून २ मीटरवर बसलात आणि एक फेरी ४ सेकंदांत होते असं धरा. कोनीय वेग सेकंदाला १.५७ रेडियन, चाल सेकंदाला ३.१४ मीटर, म्हणजे ताशी जेमतेम ११ किलोमीटर. त्वरण मात्र सुमारे ४.९ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वत्वरणाच्या (पडणाऱ्या वस्तूला मिळणाऱ्या त्वरणाच्या) निम्मं! दांडी धरावी लागते ती यासाठी. विषुववृत्तावर चाल ४६५, पण कोनीय वेग सेकंदाला फक्त ०.००००७३ रेडियन. गुणाकार येतो ०.०३४. चाल जवळपास दीडशेपट जास्त आणि त्वरण जवळपास दीडशेपट कमी. हे ०.०३४ पुरवायला गुरुत्वाकर्षणाचा ०.३५ टक्के भाग पुरतो, उरलेला सगळा आपल्याला जमिनीवर दाबून धरतो. ६० किलोच्या माणसाचं वजन स्प्रिंगच्या काट्यावर यामुळे दोनशे ग्रॅमच्या आसपास कमी भरतं, एवढंच. खरोखर उडून जायचं असेल तर पृथ्वीला सतरापट भरभर फिरावं लागेल, म्हणजे दिवस ८४ मिनिटांचा.

ओल्या चेंडूचंही तेच. तो सेकंदाला कित्येक फेऱ्या मारतो, पृथ्वी दिवसाला एक. शिवाय चेंडूचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण नगण्य असतं. तोच चेंडू दिवसाला एक फेरी या गतीने फिरवा, फिरण्यामुळे एक थेंबही उडणार नाही.

उडीचा मुद्दा मात्र मला मनापासून आवडतो, कारण त्यात एक खरा प्रश्न दडला आहे. उडी मारताना आपली ४६५ ची चाल आपल्यासोबतच असते, हवाही त्याच चालीने जात असते, म्हणून आपण होतो तिथेच उतरतो. पण उंच मनोऱ्यावरून दगड सोडला तर? मनोऱ्याचा माथा आणि पायथा यांचा कोनीय वेग एकच, पण माथा अक्षापासून जास्त दूर, म्हणून त्याची चाल थोडी जास्त. १०० मीटर उंचीला हा फरक विषुववृत्तावर सेकंदाला ७ मिलिमीटर. ही जादा चाल घेऊन दगड खाली येतो, तेव्हा तो मागे, पश्चिमेला पडत नाही. उलट मनोऱ्याच्याही पुढे, पूर्वेला, सुमारे २ सेंटिमीटर सरकून पडतो. न्यूटनने १६७९ मध्ये रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात नेमकं हेच सुचवलं होतं.

राहिलं मोजमाप. १६७२ मध्ये रिशे हा खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तेव्हा त्याचं लंबकाचं घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. तिथे गुरुत्वत्वरण कमी भरतं, म्हणून लंबक संथ झुलतो. एक कारण हे फिरणं, दुसरं म्हणजे फिरण्यामुळेच पृथ्वीला आलेला विषुववृत्तावरचा फुगवटा. १८५१ मध्ये फुको या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने पॅरिसच्या पँथिऑन या भव्य इमारतीत ६७ मीटर लांबीचा लंबक टांगला; त्याच्या आंदोलनाची दिशा तासाला ११ अंशांनी वळताना लोकांनी डोळ्यांनी पाहिली. आणि न्यूटनच्या कल्पनेची परीक्षा राइख या जर्मन शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणीत घेतली. १५८ मीटर खोल विवरात त्याने शंभराहून जास्त वेळा गोळ्या सोडल्या. त्या सरासरी २८ मिलिमीटर पूर्वेला पडल्या. त्या अक्षांशासाठी गणित साडेसत्तावीस सांगतं.